वाटणीच्या आधीची वर्षं



मराठी मध्यमवर्गीय घराच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली नाहीतर आतल्या लॉकरात, एक फाइल असते. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा करारनामा, एफडीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिस्या, पेन्शनचं पुस्तक, गावाकडच्या जमिनीचा पिवळा पडलेला सातबारा. जरा शिस्तीचं घर असेल तर सगळ्यात वर एक यादीही असते, आजोबांच्या ठसठशीत अक्षरातली. ही फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्यामागे कुणाला काय मिळायचं, याचा थोडाफार तरी पत्ता तिच्यात लागतो. पण आपण असताना, अंथरुणाला खिळलेलो असताना, पोटच्या मुलाचं नाव आठवेनासं झालेलं असताना काय करायचं? याबद्दल तिच्यात एक ओळ नसते.

आजचं व्याख्यान त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

मागच्या पिढ्यांना तिची गरज फारशी पडली नाही. माणसं लवकर जात, आणि आजारपण आलं तर घरात चार बायका असत. त्या चार बायकांना कुणी विचारत नसे, हा भाग वेगळा. आता चित्र पालटलं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 10 कोटी 38 लाख होती. महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे जवळजवळ दहा. साठी गाठलेल्या भारतीय माणसापुढे आज सरासरी अठराएक वर्षं असतात. त्यातली पहिली दहा-बारा हास्यक्लबची, चारधामची, नातवंडांना शाळेत सोडण्याची. शेवटची किती परस्वाधीन जातील, हे डॉक्टरही सांगत नाहीत आणि ज्योतिषीही.

एक गैरसमज मात्र आधी उरकून टाकू, कारण अर्ध्या सभागृहाचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय, आता चिंता नाही.’ नॉमिनी म्हणजे मालक का? नाही. पैसे ताब्यात घ्यायचे आणि खऱ्या वारसांपर्यंत पोहोचवायचे, एवढंच त्याचं काम. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्ये सांगितलं. पुढे 2015 मध्ये कायदा बदलला आणि विम्यापुरते आईवडील, जोडीदार आणि मुलं हे नॉमिनी खरे हक्कदार झाले. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा निकाल लागायला मात्र 14 डिसेंबर 2023 उजाडावा लागला. तो खटला कुठल्या घरातला? ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांचा. अख्ख्या महाराष्ट्राच्या भिंतीवर पुढच्या वर्षाचे दिवस टांगणाऱ्या या माणसाने 2011 मध्ये रीतसर मृत्युपत्र करून ठेवलं होतं. 2013 मध्ये ते गेले, आणि नॉमिनी मोठा की वारस, हा प्रश्न पुढची दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला. यात कुणा माणसाचा दोष काढायचं कारण नाही, कायद्याचीच वाट धुक्यातली होती. न्यायालयाने शेवटी सांगितलं ते हेच, की नॉमिनी लावल्याने वारसा ठरत नाही.

हाउसिंग सोसायटीतही तेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार सभासद गेल्यावर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस पुढे येईपर्यंत. तात्पुरता, हा शब्द सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लावावा इतका महत्त्वाचा आहे. मग नॉमिनी लावूच नये का? जरूर लावावा. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. न लावल्याने, न सांगितल्याने काय होतं? मार्च 2024 अखेर देशातल्या बँकांच्या दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी 78,213 कोटी रुपयांवर गेल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने त्या शोधण्यासाठी 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलं. कुणाच्या तरी आईने काटकसर करून ठेवलेले पैसे मुलांनी सरकारी पोर्टलवर हुडकायचे, अशी वेळ आली आहे.

मृत्युपत्राबद्दलही थोडक्यात. त्याला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. सक्तीची नोंदणी नाही, केली तर चांगलं. सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्यांनीही सह्या कराव्यात, एवढं 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मागतो. नोंदवलेलं मृत्युपत्रही नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं, कारण शेवटचं असेल ते खरं. आपल्याकडे साक्षीदार म्हणून कोण येतं? कट्ट्यावरचे मित्र. वय वर्षं 78 आणि 81. उद्या वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून सांगावं लागतं की होय, सही माझ्यासमोर झाली. तोवर दोघंही मित्राच्या मागोमाग गेलेले असतात. साक्षीदार वयाने लहान शोधावेत, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे.

आणि बायकांनी मृत्युपत्र करावं. ‘माझ्या नावावर काय आहे?’ असं म्हणणाऱ्या कित्येक बायकांच्या नावावर अर्धा फ्लॅट, पीएफ आणि दागिने असतात. हिंदू वारसा कायद्याच्या पंधराव्या कलमात एक विलक्षण गोष्ट आहे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, मग तिच्या आईवडिलांकडे. सर्वोच्च न्यायालयापुढे 2009 मध्ये असं एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, ती माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. पैसा कुणाला मिळाला? ज्या सासरने चाळीस वर्षं तोंड पाहिलं नाही, त्या सासरला. न्यायाधीशांना वाईट वाटलं, तसं त्यांनी लिहिलंही, पण कलम म्हणजे कलम. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने बायकांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं, त्यामागे असेच अनुभव होते.

श्रोत्यांत गोव्याची मंडळी असतील तर त्यांच्यासाठी एवढंच, की तिथला हिशेब निराळा. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात मुलांचा हिस्सा राखून ठेवलेला असतो आणि मृत्युपत्राने साधारण अर्ध्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते. पुण्या-मुंबईच्या वकिलाने आखून दिलेलं मृत्युपत्र म्हापशात जसंच्या तसं चालेल, असं धरून चालू नये.

आता मोठ्या मुद्द्याकडे. हयातीतच देऊन टाकण्याचा.

महाराष्ट्रात ही गोष्ट फार सोपी झाली आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, जोडीदाराला, नातवंडाला किंवा विधवा सुनेला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये, अधिभार वेगळा. सरकारने सोय केली ती चांगल्या हेतूने. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक सकाळ बसून पाहावं. टोकन पुकारलं जातं. मुलगा वडिलांना कोपराला धरून खुर्चीपाशी आणतो. ऑपरेटर म्हणतो, ‘आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा. चष्मा काढा.’ मग अंगठा. वयाने रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. बोट पुसायचं, पुन्हा दाबायचं, दुसरं बोट लावायचं. ओळख पटवणारे दोघे सह्या करतात. वीसेक मिनिटांत सगळं आटोपतं, बाहेर येऊन सगळे उसाचा रस पितात. आत गेलेले आजोबा घराचे मालक होते. बाहेर आलेले आजोबा मुलाच्या घरात राहणारे वडील आहेत.

इथे हटकून ‘नटसम्राट’ निघतं. 1970 पासून मराठी माणूस मुलांना सगळं देऊन बसलेल्या आप्पा बेलवलकरांसाठी रडतो आहे, आणि रडून घरी गेल्यावर बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडे देतो आहे. पण त्या नाटकाने आपल्या मनात एक चुकीची समजूतही बसवली, की घर गमावण्याचं कारण म्हणजे कृतघ्न मुलं. बहुतेक मुलं कृतघ्न नसतात, हे या व्यासपीठावरून मोठ्याने सांगायला हवं. बहुतेक मुलं दमलेली असतात, ईएमआयमध्ये बुडालेली असतात, बंगळुरूला नाहीतर टेक्सासला असतात. धोका दुष्टपणाचा नाही, आयुष्याचा आहे. घर मुलाच्या नावावर झालं की मुलाच्या आयुष्यात जे घडेल ते त्या घराला लागू होतं. त्याने धंद्यासाठी घर तारण ठेवलं, धंदा बुडाला. त्याचा घटस्फोट झाला. किंवा, बोलू नये पण बोललं पाहिजे, मुलगाच आधी गेला.

तर काय होतं? हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची पत्नी आहे, मुलं आहेत, आई आहे. वडील नाहीत. वडील दुसऱ्या वर्गात. म्हणजे ज्या बापाने आयुष्यभराच्या पगारातून फ्लॅट घेतला आणि प्रेमाने मुलाला दिला, त्याला तो मुलगा गेल्यावर त्याच फ्लॅटमध्ये कायद्याने एका विटेचाही हिस्सा नाही. आईला आहे, त्याला नाही. बक्षीसपत्र करताना हे किती जणांना सांगितलं जातं?

कायद्याने आधार दिला आहे, तोही पाहू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या उदरनिर्वाहाचा कायदा 2007 मध्ये आला. त्याखालचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्याच्या कचेरीत बसतं. अर्ज साधा, नव्वद दिवसांत निकाल लागावा अशी तरतूद. दरमहा मिळू शकणारी रक्कम मात्र जास्तीत जास्त दहा हजार. 2007 मध्ये ती बरी होती, आज तिच्यात पुण्यात रात्रपाळीची मावशीसुद्धा मिळत नाही. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. लातूर जिल्हा परिषदेने तर आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून थेट त्यांना द्यायचा ठराव केला. ठराव गाजला. कुठल्या आईबापाला मुलाच्या साहेबाकडे तक्रार घेऊन जायला आवडेल, हा प्रश्न राहिलाच.

या कायद्याचं तेविसावं कलम बक्षीसपत्राबद्दल आहे. ‘माझा सांभाळ करशील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. आता अट म्हणजे काय? डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अट असल्याचं सिद्ध करावं लागेल, नुसतं प्रेमापोटी दिलं असेल तर हे कलम लागू नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचं प्रकरण आलं. तिने मुलाला घर बक्षीस दिलं होतं आणि मुलाने ‘शेवटपर्यंत सांभाळीन’ असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. न्यायालयाने कायद्याचा हेतू पाहिला, बक्षीसपत्र रद्द केलं, घर आईला परत दिलं. पण नीट ऐका: तिच्याकडे कागद होता. आपल्याकडे अट असते ती वडिलांच्या मनात. बक्षीसपत्रात वकील ठेवणीतलं वाक्य टाकतो, ‘प्रेम व आपुलकीपोटी’, आणि तेच वाक्य पुढे गळ्याशी येतं.

हयातीत द्यायचंच असेल तर सांभाळाची अट त्याच दस्तात लिहावी, आणि आईवडील दोघांनाही हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क राखून ठेवावा. असा हक्क राखता येतो. पण या व्याख्यानाचं मत विचाराल तर घर देऊ नका, मृत्युपत्रात लिहून ठेवा. मुलाचा हक्क चार वर्षं उशिरा आला तर त्याचं काही अडत नाही. तुमचं छप्पर चार वर्षं आधी गेलं तर अडतं.

या कायद्याची दुसरी बाजूही आहे, तीही ऐकायला हवी. सासू-सासऱ्यांनी न्यायाधिकरणाकडून हुकूम आणावा आणि सुनेला घराबाहेर काढावं, असा त्याचा वापर होऊ लागला, तेव्हा 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क असा गुंडाळून ठेवता येणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत हा निकाल फारसा वाचला जात नाही.

हे सगळं झालं मालमत्तेचं. आता ती परस्वाधीन वर्षं.

असं एक घर डोळ्यांपुढे आणा. आईला 82 वर्षं, पक्षाघात होऊन सात महिने झालेले. सकाळी आठ वाजता रात्रीची मावशी जाते, दिवसाची येते. दिवसाची उशिरा आली तर मधल्या वीस मिनिटांत सून एका हाताने कुकर लावते आणि दुसऱ्या हाताने सासूची कूस बदलते, कारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी जखम होते आणि ती भरता भरत नाही. एअरबेडची मोटर भिंतीशी घुरघुरत असते. डायपरचं पाकीट किती दिवस पुरतं, हे फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं असतं. नळीतून दर तीन तासांनी गाळलेली पेज. मावशी गावाला गेली की ब्यूरोला फोन, नवी मावशी, तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवणं. फिजिओथेरपिस्ट येतो, दहा मिनिटं पाय हलवतो. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणतो, ‘आई आज फ्रेश दिसतेय.’ इथला मुलगा काही बोलत नाही.

या घराचा खर्च कोण देणार? मेडिक्लेम देणार नाही. मेडिक्लेम इस्पितळाच्या पलंगाचे पैसे देतो, घरच्या पलंगाचे नाही. ऑक्टोबर 2024 पासून केंद्राने सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत घेतलं, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं छत्र. चांगली गोष्ट आहे, कार्ड काढून ठेवावं. पण तेही दाखल झालेल्या रुग्णासाठी. मावशी, डायपर, एअरबेड, पेज यांची कुठल्याच योजनेच्या तक्त्यात ओळ नाही. दिवस-रात्र दोन मावश्या ठेवल्या तर महिन्याचा हिशेब पुष्कळांच्या पेन्शनच्या पुढे जातो, आणि आजार सात महिन्यांचा नसून सात वर्षांचाही असू शकतो.

आणि गंमत पाहा, हे घर गरीब नसतं. ज्या फ्लॅटमध्ये हे चाललेलं असतं त्याची किंमत कोटीच्या घरात असते. घर श्रीमंत, घरातली माणसं कडकीत. यावर उतारा म्हणून रिव्हर्स मॉर्गेज नावाची योजना 2007 च्या अर्थसंकल्पात आली: साठीपुढच्या मालकाने राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे, कर्जाची वसुली त्याच्यामागे घरातून. योजना पडून राहिली. बँकांचे नियम आडवे आले हे खरं, पण त्याहून आडवं आलं ते ‘घर मुलांसाठी ठेवायचं’ हे व्रत. घर मुलांसाठी राखायचं आणि आईच्या मावशीचे तास कमी करायचे, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात? मोठं घर भाड्याने देऊन मुलीच्या शेजारच्या इमारतीत लहान घर घ्यावं. विकावं लागलं तर विकावं. ते तुमचंच आहे.

वृद्धाश्रमाचा विषय काढला की सभागृहात लगेच सन्नाटा पसरतो. खरं तर पुण्याच्या नवी पेठेतला ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकातला आहे, डेव्हिड ससून यांच्या दानातून उभा राहिलेला. ‘अथश्री’सारखे ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प आता नवलाईचे राहिलेले नाहीत. तिथे जाण्यात कमीपणा काही नाही. पण प्रवेश-अर्ज चष्मा लावून वाचा. पुष्कळ ठिकाणी अट असते: अर्जदार स्वतःची कामं स्वतः करणारा हवा. म्हणजे तुम्हाला त्यांची फारशी गरज नसते तेव्हा ते घेतात आणि गरज लागते तेव्हा मुलांना फोन करतात. विचारायचा प्रश्न बागेबद्दल, भजनाच्या खोलीबद्दल नाही. ‘अंथरुणाला खिळलो तर ठेवाल का? स्मृतिभ्रंश झाला तर? अनामत किती परत मिळेल?’ उत्तर लेखी घ्यावं.

स्मृतिभ्रंश. इथे कायद्याची बाजू सगळ्यात लंगडी आहे. पुष्कळ सावध माणसं मुलाच्या किंवा मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात: मला काही झालं तर ती बघेल. पण 1872 चा करार कायदा काय म्हणतो? मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपतं, आणि त्याचं मानसिक संतुलन गेलं तरीही संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी म्हणून ते करून ठेवलं, नेमक्या त्या दिवशी त्याचा जीव जातो. काही देशांत माणसाची समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे नाही. गतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली. म्हातारपणी समज गेलेल्या माणसासाठी तितकी सोपी वाट नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता, पैशांसाठी नाही. कोमात गेलेल्या किंवा समज हरपलेल्या माणसाच्या नावावरची एफडी मोडायची, त्याच्याच इस्पितळाचं बिल भरायला, तर बायकोला उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मागावी लागते. पन्नास वर्षांच्या संसारानंतर.

म्हणून तजवीज समज शाबूत असतानाच करायची. खाती ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात’ अशी करून घ्या. एफडी एकाच मोठ्या रकमेची नको, तुकड्यांत ठेवा, म्हणजे एक मोडली तर बाकीच्यांना हात लागत नाही. लॉकर दोघांच्या नावे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम कुणाला येतं, ते पाहून ठेवा. विसरभोळेपणाची पहिली शंका आली की आधी डॉक्टर, मग लगेच वकील. मृत्युपत्र करताना त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, कारण पुढे ‘तेव्हा बाबांना कळत नव्हतं’ हे पहिलं वाक्य कोर्टात उच्चारलं जातं.

आणि सांभाळणारं माणूस? प्रत्येक घरात ते एकच असतं. अविवाहित मुलगी, धाकटी सून, गावात राहिलेला भाऊ. मृत्युपत्रात मात्र ‘सर्वांना समसमान’. दिसायला किती न्यायाचं! ज्या मुलीने नोकरी सोडून नऊ वर्षं आईचं केलं, तिला आणि वर्षातून एकदा सुकामेवा घेऊन येणाऱ्याला सारखा वाटा. त्यावर कोणी तक्रार केली तर ‘पैशासाठी केलं का?’ असं तिलाच विचारतात. जिने केलं तिच्या नावे जास्त लिहावं, आणि का लिहिलं ते एका ओळीत त्याच मृत्युपत्रात नोंदवावं. ती ओळ भावंडांना मान्य होईलच असं नाही, पण वाद निघाला तर ती ओळच तिच्या बाजूने बोलते. राहती जागा अविवाहित मुलीला हयातीपर्यंत, मग सगळ्यांत, असंही लिहिता येतं. त्याहून बरं म्हणजे सांभाळ चालू असतानाच तिला दरमहा पैसे द्यावेत, बाहेरच्या मावशीला देतो तसे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

राहिला शेवटचा विषय. शेवटच्या दिवसांचा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, साडेएकेचाळीस वर्षं, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. एकामागून एक आलेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, भरवलं, पुसलं. त्यांना भरवणं थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेली याचिका 2011 मध्ये फेटाळली गेली, त्या परिचारिकांच्या म्हणण्याला न्यायालयाने वजन दिलं, आणि त्याच निकालात कृत्रिम उपचार थांबवण्याचं दार पहिल्यांदा किलकिलं झालं. 9 मार्च 2018 च्या निकालाने ते उघडलं: उपचार नाकारण्याची आपली इच्छा माणसाला आधीच लिहून ठेवता येते. पण अटी इतक्या, की न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करायला कोण जाणार? कुणीच गेलं नाही म्हटलं तरी चालेल. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने त्या सैल केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. असा अधिकारीच नेमलेला नाही, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि मग महाराष्ट्रात नेमणुका झाल्या. मुंबई महापालिकेत प्रत्येक वॉर्डाचा आरोग्य अधिकारी आता हे काम पाहतो.

या कागदात इच्छामरण नाही, इंजेक्शन नाही. सुधारण्याची आशा उरलेली नसताना व्हेंटिलेटर लावू नका, लावला असेल तर काढा, वेदना मात्र कमी करा, एवढंच त्यात लिहायचं असतं. ते अंमलात यायला इस्पितळाचं एक मंडळ लागतं, मग दुसरं मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. आपल्याकडे आयसीयूच्या बाहेर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर विचारतात, ‘पुढे काय करायचं?’ जवळच्या मुलाला कळत असतं की आता बस. पण दूरच्याचं विमान अजून उतरलेलं नसतं, तो म्हणतो, ‘मी येईपर्यंत सगळं चालू ठेवा.’ आणि सगळं चालू राहतं. त्यात प्रेम असतं, आणि इतकी वर्षं इथे नव्हतो याची टोचणीही असते.

उपचार नाकारण्याच्या त्या कागदावर आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. एकाहून जास्त नावं चालतात. लोक सवयीने थोरल्या मुलाचं लिहितात. निदान दोन लिहावीत, त्यांना आधी विचारून लिहावीत, आणि त्यातलं एक तरी त्याच शहरात राहणाऱ्या माणसाचं असावं, मग ते भाचीचं असलं तरी चालेल.